फियाटचा आवाज, नागपूरचं ऊन आणि बाबांचं मशीन

नागपूर, 16 जून

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू विचारलंस की तुझ्या फियाटला डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवणाऱ्या चिकट शीट, मारायच्या तर किती लागतील आणि मी म्हटलं नंतर सांगतो, कारण याचं उत्तर दोन वाक्यांत दिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अख्खा रोल उचलून आणला असतास, मला माहितीये. म्हणून लिहून राहिलो. चहा घेऊन बस, लांबलचक आहे.

आधी बाबांचं सांगतो कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बाबा आता 81 वर्षांचे, तीन वर्षांपासून कानाला मशीन आहे. घरात छान ऐकू येतं त्यांना, पण आमच्या फियाटमध्ये बसले की पहिल्याच चौकात मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मला वाटायचं हट्ट करतात. मग एकदा त्यांनीच सांगितलं की अरे हे मशीन तुझा आवाज मोठा करतं तसा पत्र्याचा खडखडाटही मोठा करतं, वारा, इंजिन, टायर, सगळं एकदम डोक्यात घुसतं. म्हणजे ज्या गाडीसाठी त्यांनी बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहिली, 1986 मध्ये दारात आली तेव्हा आजीने जिच्यावर नारळ फोडला, त्याच गाडीत हा माणूस आता गप्प बसून खिडकीबाहेर बघत प्रवास करतो. मला ते फार लागलं रे. जानेवारीत सीटा काढल्या त्या ह्यासाठी, कुठल्या व्हिंटेज रॅलीसाठी नाही.

आता गाडीचं. आपली ही फियाट म्हणजे पद्मिनी, मुळातली इटलीची फियाट 1100, आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरने 1964 पासून डिलाइट म्हणून काढली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली आणि 2000 च्या आसपासपर्यंत जवळपास त्याच अंगाने बनत राहिली. मोनोकॉक बॉडी, म्हणजे वेगळी चॅसी नाहीच, इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा, सगळं थेट आपण बसतो त्याच पत्र्याच्या डब्याला लटकलेलं. त्यामुळे खाली काहीही थरथरलं की छप्पर, दारं, फ्लोअर सगळेच ढोलाच्या पानासारखे वाजतात. आणि 1089 सीसीचं इंजिन, ताकद सुमारे 40 हॉर्सपॉवर, त्यामुळे वाटेल तेवढं वजन आत भरता येत नाही हेही लक्षात ठेव.

कार्पेट उचललं तेव्हाचा वास मी विसरणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका डेकोरवाल्याकडून खाली जाड फेल्ट टाकून घेतलं होतं, तेव्हा वाटलेलं काय मस्त मऊ झालं. पुढच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी आत झिरपायचं, ते डॅशबोर्डमागून उतरून थेट त्या फेल्टमध्ये, आणि फेल्ट म्हणजे बोळाच, वरून कार्पेट कोरडं दिसतंय आणि खाली ऑक्टोबरपर्यंत ओल. ड्रायव्हरच्या पायाखाली मी स्क्रूड्रायव्हरने नुसतं टोकरलं तर पापडासारखा पत्रा फुटला आणि टोक खालच्या फरशीला टेकलं. मी तिथेच दहा मिनिटं बसून राहिलो. वीसेक इंचाचा तुकडा कापून नवीन वेल्ड करावा लागला, मग घासून रेड ऑक्साइड, प्रायमर, खालून अंडरकोटिंग, आणि काचेचं रबर नवीन. म्हणून तुला पहिलं सांगणं हेच, की गंजावर शीट चिकटवू नकोस. वरून चकचकीत चांदी दिसेल आणि खाली पत्रा मरत राहील.

दुसरं, आपले मेकॅनिककाका. त्यांना म्हटलं डॅम्पिंग करतोय तर ते म्हणाले आधी गाडी तर दुरुस्त कर, आवाज दाबून काय करतोस. इंजिन माउंटिंगची रबरं दगड झाली होती, सायलेन्सरची लटकन रबरं तुटून पाइप पत्र्याला घासत होता, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा ढिला, दारांची रबरी बीडिंग चपटी झालेली. हे सगळं बदललं आणि एक शीट न लावता गाडी अर्धी शांत झाली, खरंच सांगतो. ती पुढची त्रिकोणी काच आहे ना, तिचं रबरही बदल, साठच्या पुढे जी शिट्टी वाजते ती तिथूनच.

मग भोकं. हे काम मला सगळ्यात आवडलं. रात्री बॉनेटखाली शंभरचा बल्ब पेटवून ठेवला, आत बसून दारं लावली, अंगणातले दिवे बंद केले. डोळे जरा सरावले आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि आपल्यामधल्या पत्र्यावर, चांदण्या दिसायला लागल्या. वायरिंग जाते तिथे, स्पीडोमीटरच्या केबलजवळ, स्टिअरिंगचा दांडा आणि गिअरचे रॉड खाली उतरतात तिथे तर दोन बोटं जातील एवढी फट, आणि काही भोकं तर कशासाठी होती देव जाणे. मी खडूने एकेकाला गोल केलं, अकरा निघाली. चिल्लर भोकांना ग्रॉमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, स्टिअरिंगजवळ टायरच्या जुन्या ट्यूबमधून कापून रबराचा मोजा केला. कितीही भारी माल लाव, फट उघडी राहिली तर आवाज आणि इंजिनची गरम हवा दोन्ही तिथून सरळ तुझ्या पायावर येणार. दार उघडं ठेवून एसी लावल्यासारखं आहे ते.

आता शीट. ब्युटाइल रबरच्याच घे, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेल्या, 2 मिमी पुरे. त्या आवाज अडवत नाहीत बरं का, लोकांचा इथेच घोळ होतो. पत्रा थरथरला की मधलं चिकट रबर वरच्या फॉइल आणि खालच्या पत्र्याच्या मध्ये ताणलं-पिळलं जातं आणि ती थरथर किंचित उष्णतेत जिरते, बस एवढंच काम तिचं. म्हणून सगळं झाकायची गरज नाही. बोटाच्या पेरांनी पत्रा ठोकून बघ, जिथे टण् वाजतो तिथे मधोमध तुकडा मार, परत ठोक, ठक् वाजला की थांब. पॅनलचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला की बहुतेक काम होतं, त्यापुढे पैसे आणि वजन वाढतं फक्त. 2 मिमीची शीट चौरस मीटरला साधारण 3 किलो भरते, हिशोब कर. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, तेलाचा अंश राहिला की वर्षभरात कोपरे सुटतात. रोलर फिरवताना फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाब, आणि हातमोजे घाल, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. दारांमध्ये बाहेरच्या पत्र्याला आतून लाव पण खालची पाणी जायची भोकं चुकूनही बुजवू नकोस, नाहीतर दार खालून सडेल.

आणि अव्या, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी टेप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नकोस, दिसायला अगदी तशीच चांदीची असते. मी दोन वर्षांपूर्वी छपराला आतून तीच लावली होती. आपल्याकडचा मे महिना, 45 च्या पुढे पारा, बंद गाडी उन्हात. डांबर वितळून सीलिंगच्या रेक्झिनमधून ओघळलं आणि बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं, शिवाय आत असा वास की आईला मळमळलं. ते डांबर काढायला मला चार रविवार लागले, हीट गन आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडून खरवडून.

उन्हाचं गणित वेगळं. ब्युटाइल उष्णता फारशी अडवत नाही. छपराचा पत्रा तापतो आणि तव्यासारखी धग खाली फेकतो, ती फॉइलने परतवता येते पण फॉइलसमोर हवेची मोकळी जागा पाहिजे. दोन पत्र्यांच्या मध्ये घट्ट दाबलेली फॉइल म्हणजे नुसतं धातूचं पान, उष्णता आरपार. फियाटमध्ये सोय अशी की सीलिंग तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं, छप्पर आणि रेक्झिनमध्ये पोकळी आहे. तर मी छपराला आधी ब्युटाइलचे मोजके तुकडे, त्यावर 10 मिमीचा काळा नाइट्राइल रबर फोम, एसीच्या डक्टला गुंडाळतात ना तोच, फॉइलवाला, फॉइल खाली पोकळीकडे तोंड करून. क्लोज्ड सेल आहे, म्हणजे आतले कप्पे बंद, पाणी पीत नाही, फेल्टची भीती नाही. चिकटवायला उष्णता सहन करणारं रबर ॲढेसिव्ह घे, दोन्हीकडे लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांब आणि मग दाब, घाई केलीस की उन्हाळ्यात लोंबणार. फायरवॉलला आतून आणि सायलेन्सरचा पाइप जातो त्या बाजूच्या फ्लोअरलाही तोच फोम. बॉनेटखाली मात्र एक्झॉस्टजवळ कुठलाही फोम लावू नकोस, जळण्याची भीती. काचेतून येणारं ऊन ह्याने थांबत नाही, त्याला पडदेच.

शेवटचा थर फक्त खाली, फ्लोअर आणि फायरवॉलला. जड व्हिनाइलची शीट, चौरस मीटरला 5 किलो, फोमवर नुसती टाकायची, सलग, पत्र्याला कुठेही टेकू न देता. आवाज खरा अडवते ती हीच, वजनाने. सांधे टेपने बंद. सगळं धरून गाडीत 25 किलोच्या आसपास वाढलं, म्हणजे एक शाळकरी पोरगं मागे बसलंय असं समज, पिकअपमध्ये मला काही फरक जाणवला नाही. हे थर लावण्यातच दीड महिना गेला कारण मी फक्त रविवारी करत होतो.

मेच्या शेवटी पहाटे बाबांना रामटेकला नेलं. मुद्दाम काही सांगितलं नाही. कामठी गेलं तरी हात खिशाकडे गेला नाही, मी तिरक्या नजरेने बघतोय. कन्हानच्या पुलावर टायरचा आवाज बदलतो ना, तर बाबा एकदम म्हणाले, पूल आला. मला तर रडूच फुटायचं राहिलं रे. मग मनसरपर्यंत बोलत होते, नेहमीच्या आवाजात, डिलिव्हरी घ्यायला गेले त्या दिवशी काकाने पेट्रोलचे पैसे दिले ते, पहिल्या पावसात वायपर बंद पडला ते, मला गाडीतच गोवर आला होता ते, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. येताना अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं, छपराला आतून हात लावून बघितला, कोमट. पूर्वी तिथे हात ठेववत नव्हता. इंजिन ऐकू येतं अजून आणि येऊ दे, दुसऱ्याचा तिसरा कधी टाकायचा हे मी आवाजावरच ठरवतो, कॉलम गिअरवाल्या, म्हणजे स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या गाडीत तो आवाज गेला तर हात अडखळतील.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, तीन चौरस मीटर ब्युटाइल पुरेल, पण आत्ता घेऊ नकोस. पुण्याचा पाऊस सुरू झालाय, ओल्या हवेत शीट नीट बसत नाहीत. हे चार महिने फक्त एक कर, कार्पेट पूर्ण उचलून ठेव आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर फ्लोअरला हात लावून बघ पाणी कुठून येतं ते, खडूने खूण करत जा. माझ्याकडे नाइट्राइल फोम दीड मीटर उरलाय, तो आणि रोलर तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय, दिवाळीत घेऊन येतो, दोघं मिळून लावू. काकूंना नमस्कार सांग. बाबा विचारत होते तुझी गाडी अजून ती क्रीम कलरचीच आहे का, त्यांना फोटो पाठव.

तुझा,
संज्या