पाणी आठव्या दिवशी अन् कोरडा दिवस कधी?

मा. संपादक,

कालच्या अंकात ‘डेंग्यू रोखणं आपल्याच हातात’ हा लेख वाचला. छान आहे. ‘कोरडा दिवस’ पाळा, म्हणजे आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा म्हणे. साहेब, लिहिणाऱ्यांच्या घरी नळ रोज येत असेल, आमच्या गल्लीत आठव्या दिवशी येतो, तोही रात्री दोन-अडीचला, वॉलमनच्या मर्जीनं. डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाचं अन् डासाचं टाइमटेबल एकच, फक्त डास नागा करत नाही!

मागच्या पावसाळ्यात माझ्या नातीला डेंग्यू झाला. प्लेटलेट ४० हजारांवर आल्या, पाच दिवस ॲडमिट. डॉक्टर सरळ म्हणाले, काका, यावर खास असं औषधच नाही, सलाईन, पॅरासिटामॉल अन् वाट पाहणं. बिल मात्र खास होतं. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी फवारणीवाले आले, पाणी साठवायच्या टिपाडात टॉर्च मारली, अळ्या सापडल्या अन् नोटीस माझ्याच हातात दिली. म्हटलं, “भाऊ, पानी फेकी दिधं तं पेवाले काय देशी?” तो बिचारा हसला, त्याच्याही घरी टिपाडंच असतील.

मे महिन्यात ४५ डिग्री असतं, तेव्हा तर घरात चार भांडी जास्तच भरून ठेवावी लागतात. त्यात या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून महिनोन्महिने कोरडी टिकतात, म्हणजे नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं अन् घासायला परत पाणीच लागतं!

१८५४ मध्ये लंडनात कॉलरा आला तेव्हा डॉ. जॉन स्नोनं गोळ्या नाही वाटल्या, ज्या पंपाचं पाणी लोक पीत होते त्याचा दांडा काढायला लावला. आमच्याकडे उलटं आहे, नळ चालू करा एवढंच मागणं आहे. रोज नको, दिवसाआड द्या, टिपाडं आम्हीच भंगारात देतो.

आणखी एक. त्या लेखाच्या खाली अर्धं पान आयसीयूची जाहिरात होती. ती जागा पुढच्या वेळी नळ सुटायच्या वेळापत्रकाला देता आली तर बघा.

आपला,
एक जुना वाचक, तापीकाठ