टॉयने अकॉर्डियनला हात लावला नाही

ह्यूस्टन, रविवार

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू डीजेवाल्यांचा असा उद्धार केलास की मला तोंड उघडायला सवडच मिळाली नाही. ढोलकीवर मशीनचा बीट चढवला की ढोलकी मरते, हे तुझं म्हणणं मला निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. व्हॉट्सॲपवर एक गाणं टाकलंय, आधी ते ऐक. हेडफोन लावून ऐक, टीव्ही बंद करून.

गाणं सेल्सो पिन्याचं, 'कुंबिया सोब्रे एल रिओ', 2001 सालचं. मेक्सिकोच्या उत्तरेला मॉन्तेरे नावाचं कारखान्यांचं शहर आहे. सेल्सो तिथल्या डोंगरउतारावरच्या वस्तीतला. अकॉर्डियन आपला आपणच शिकला, भावांना हाताशी धरून बँड काढला. आणि वाजवायचा काय, तर कुंबिया, म्हणजे नाचायचं लोकसंगीत. ती मूळची कोलंबियाच्या समुद्रकाठची, मॉन्तेरेत आली ती रेकॉर्डवर बसून. त्यामुळे कुणी 'अस्सल मेक्सिकन कुंबिया' म्हणालं की मला गंमत वाटते. उसनी आणली, पण इतकी घोटली की आता कुणी परत मागायलाही येत नाही!

आता मुद्द्याचं. या गाण्यामागचा निर्माता टॉय सेलेक्ता, खरं नाव आंतोनिओ एर्नांदेस. त्याच शहरातला, 'कंट्रोल माचेते' या हिपहॉप ग्रुपमधला. त्याने खाली जमैकन धाटणीचा जाडजूड बेस घातला, रॅप घातलं, मशीनचे ठोके घातले. अकॉर्डियन मात्र सेल्सोचाच ठेवला, श्वास घेत, जरासा रेंगाळत वाजणारा. पेटी आणि अकॉर्डियन दोघांचा सूर आतल्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या थरथरण्यातून निघतो, तेव्हा तुझ्या कानाला तो परका वाटायचा नाही. आणि कुंबियाची चाल ज्याच्यावर चालते ते खरवडायचं वाद्य, 'छुक, छुकुछुक', ते तू शेवटपर्यंत कानाने धरून ठेव.

बहुतेक डीजे इथेच घसरतात. हाउस या क्लबातल्या नाचाच्या संगीताचा ठोका मिनिटाला एकशेवीसच्या पुढे, कुंबिया साधारण नव्वद ते शंभर. मग तिला ओढून पळवतात आणि कंबर हलायची थांबून नुसत्या टाचा आपटतात. 2011 च्या सुमाराला मॉन्तेरेच्याच 'थ्रीबॉल' ग्रुपच्या पोरांनी 'त्रिबाल' नावाचं वेगवान नाचाचं संगीत गाजवलं, लांबच लांब टोकांचे बूट घालून लोक त्यावर नाचायचे. मला दोन गाण्यांनंतर कंटाळा येतो.

त्या गावाने उलटा उद्योगही केलाय. गाब्रिएल दुएन्येस हा तिथला 'सोनिदेरो', म्हणजे स्पीकर आणि रेकॉर्डी घेऊन वस्तीत नाचाचे कार्यक्रम करणारा. सांगतात की एकदा मशीनची मोटार तापली, रेकॉर्ड हळू फिरायला लागली, गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. लोक वैतागतील असं वाटलं, तर त्यांनी तसंच वाजव म्हणून हट्ट धरला. पुढे तशा मंद कॅसेटी त्याने मुद्दाम बनवून विकल्या. त्या प्रकाराला 'रेबाहादा' म्हणतात. आमच्या ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने हिपहॉपची गाणी अशीच मंदावली, पण त्याचा रस्ता वेगळा.

सोनिदेरोची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. गाणं चालू असताना तो माइकवरून लोकांची नावं घेतो, अमक्या गल्लीतल्या अमक्याला सलाम. लोक चिठ्ठ्या पुढे सरकवतात. ते सलाम भरलेलं रेकॉर्डिंग मग सरहद्दीपलीकडे कामाला गेलेल्या माणसापर्यंत पोचतं. इथल्या एका शेजाऱ्याच्या अंगणातल्या पार्टीत मी असं रेकॉर्डिंग ऐकलं. गाण्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. त्याच्या गावाचं नाव आलं तेव्हा मात्र तो हातातली प्लेट खाली ठेवून उभा राहिला.

सेल्सो ऑगस्ट 2019 मध्ये गेला. टॉयने त्याच्या वाद्यावर स्वतःची हुशारी दाखवली नाही, म्हणून ते गाणं अजून ताजं आहे. तुझा राग बीटवर आहे असं मला वाटत नाही; ढोलकीची थाप न ऐकताच तिच्यावर बीट ओतणाऱ्यांवर आहे.

म्हणून एक काम कर. नुसत्या ढोलकीचं दहाएक मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव, लय मोजणारा मेट्रोनोम न लावता, तुझ्या लयीत. इथे एक पोरगा आहे, त्याला ऐकवतो. आवडलं नाही तर शिव्या मलाच दे. वहिनींना नमस्कार, आणि पिंकीचा बारावीचा निकाल लागला की लगेच कळव.

तुझा,
सुध्या