कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला दचकणारा गाइड

महोदय,

लडाखमधल्या झांस्कर नदीवरचा राफ्ट (हवा भरलेली रबरी होडी) आणि कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद होडी) यांचा हंगाम जुलैत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला आटोपतो. पदुम ते निम्मू या पट्ट्यात गाइडचं काम करणारी आपल्याकडची मुलं त्यानंतर घरी परततात आणि पंधरा दिवसांत घरच्यांच्या तक्रारी सुरू होतात. रात्री उठून घरभर फिरतो, हाक मारली तरी ओ देत नाही, बोललाच तर हुकूम सोडल्यासारखा. ‘डोंगराची हवा डोक्यात गेली’ म्हणून विषय मिटवला जातो. खरं तर यातल्या प्रत्येक गोष्टीला नदीवरचं सरळ कारण आहे.

झोपेचंच घ्या. झांस्करला बर्फ वितळून पाणी येतं. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खालच्या मुक्कामावर पोहोचायला संध्याकाळ होते, कधी रात्रही. म्हणून तंबू लागले की गाइड पाण्याच्या कडेला खुणेचा दगड ठेवतो, राफ्ट आणि कयाक वर ओढून बांधतो आणि रात्री उठून टॉर्चच्या उजेडात तो दगड बघून येतो. दगड बुडाला असेल तर सगळ्यांना उठवून सामान वर हलवायचं. दोन महिने ही राखण केलेला माणूस डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरही दोन वाजता जागा होणारच. त्याला दुपारी झोपू देऊ नका, सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा. हळूहळू घडी बसते.

बोलण्याचंही तसंच. रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याच्या, आवाजात लांब वाक्य ऐकू जात नाही, म्हणून एकशब्दी आज्ञा, नाहीतर हाताची खूण. खूण नेहमी सुरक्षित वाटेकडे करायची, धोक्याकडे कधीच नाही, कारण लांबून पाहणारा दाखवलेल्या दिशेलाच वल्हं मारतो. एक शिट्टी म्हणजे ‘इकडे बघा’, तीन म्हणजे संकट. घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली की हा ताडकन उठतो तो त्यामुळे. हसण्यावारी न्यायला हरकत नाही.

कान मात्र हसण्यावारी नेऊ नयेत. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला की कानाच्या नळीतलं हाड वाढून वाट अरुंद होते. आत मळ आणि पाणी अडकतं, ऐकू कमी येतं. कोकणातल्या दमट हवेत तिथेच जंतुसंसर्ग होतो. ‘लक्ष देत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. कापसाच्या काड्या घालू नयेत, त्याने मळ आणखी आत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना ‘थंड नदीत काम करतो’ हे आपणहून सांगावं, आणि पुढच्या हंगामापासून हेल्मेटखाली इअरप्लग घालावेत.

जपायची दुसरी जागा खांदा. वल्हं डोक्याच्या वर, कोपर मागे, अशा स्थितीत लाट आदळली की खांदा निखळतो. एकदा निखळलेला खांदा माळ्यावरचं खोकं उतरवतानाही दगा देऊ शकतो. हंगाम संपताच जिममध्ये बेंच प्रेसला भिडणं चूक आहे, कारण वल्हवून छाती-पाठ आधीच भरलेली असते. कमी पडतात ते सांध्याला धरून ठेवणारे लहान स्नायू. कोपर कमरेला टेकवून रबरबँड बाहेरच्या बाजूला ओढावा, १५-१५चे दोन संच. दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट गाठावा.

सामानाचं तर दरवर्षी ठरलेलं नुकसान. लडाखच्या कोरड्या हवेत ओली वस्तू बघता बघता वाळते, त्यामुळे सगळं गुंडाळून बॅगेत कोंबायची सवय लागते. तीच बॅग कोकणात आली की चार दिवसांत बुरशी. थ्रो-बॅगमधला (पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या पिशवीतला) दोर, साधारण १५ ते २० मीटर, पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्यात धुवावा, कारण आत राहिलेली वाळू धागे कापते. सावलीत वाळवून पूर्ण लांबी हातातून सरकवावी. कडक किंवा चपटा झालेला भाग बोटांना कळतो. असा दोर बाद. कपडे वाळत घालायलाही तो वापरू नये, नाहीतर पुढच्या वर्षी चुकून परत बॅगेत जातो. प्लास्टिकची कयाक कडेवर उभी, सावलीत ठेवावी. उन्हात आवळून बांधली तर बूड दबतं आणि मग ती सरळ चालत नाही.

राहिला पैसा. मजुरी दिवसावर, वर टिप; पीएफ क्वचितच. पुढचं काम अरुणाचलात सियांग नदीवर नोव्हेंबरच्या सुमारास, तेही मिळालं तर. हातात आलेली रक्कम मधल्या महिन्यांनी भागून तेवढीच खर्चाला काढावी. त्याहून मोठी अडचण कागदाची आहे. तारीख, नदी, पट्टा, पाण्याची पातळी, माणसं किती आणि आपण राफ्टवर होतो की सेफ्टी कयाकमध्ये (पडलेल्यांना वाचवायला सोबत असणाऱ्या कयाकमध्ये), ही नोंद आयोजकाच्या सहीनिशी नसेल तर सहा हंगाम केलेला गाइडही कागदावर नवशिकाच. आणि सही मागायची ती शेवटच्या दिवशी टेक-आउटला, म्हणजे नदीतून बाहेर पडायच्या जागी, हवा काढलेल्या राफ्ट गाडीवर चढायच्या आत. नंतर फोन कोणी उचलत नाही.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं आणि आयोजकांच्या नोंदणीची सोय झाली. नोंदणीचं नूतनीकरण करताना प्रत्येक गाइडच्या कामाच्या दिवसांची सहीची नोंद आणि हंगामातल्या दुखापतींची यादी आयोजकांकडून मागून घ्यावी, एवढी आमची पर्यटन विभागाला विनंती आहे. कोलाडपासून सुरुवात करता येईल.

— काही राफ्ट गाइड व सेफ्टी कयाकर, कोलाड (जि. रायगड)