फोटो काढता येत नाहीत म्हणून

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, फोटो पाठव, फोटो पाठव म्हणून तू मागे लागली आहेस, पण फोटो मिळणार नाहीत. साइटच्या गेटवर सिक्युरिटीवाला मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवतो आणि संध्याकाळी सुटताना ते जागच्या जागी आहेत ना ते बघूनच सोडतो. मालक कोण, तेसुद्धा कुणाला सांगायचं नाही असं आमच्याकडून लिहून घेतलंय. तेव्हा लिहूनच सांगते. बाबांना मोठ्याने वाचून दाखव. "त्या लोकांच्या घरांचं मला काय सांगता" म्हणतील, पण पडवीतून उठून जाणार नाहीत.

गिरणगावातल्या टॉवरमधलं घर एक, मजले दोन, माणसं चार. दिवाणखान्यात इटलीचा पांढरा दगड आहे, त्यात करड्या शिरा. एकाच ठोकळ्यातून कापलेल्या दोन लाद्या पुस्तकाची पानं उघडावीत तशा शेजारी शेजारी लावतात, म्हणजे डावीकडची शीर उजवीकडच्या शिरेला बरोबर येऊन मिळते. प्रत्येक लादीच्या पाठीवर नंबर असतो. एक उलटी लागली की सगळी भिंत फुकट. पॉलिशवाले राजस्थानचे आहेत, मकराण्याकडचे. पाणी सोडून घासतात, मग बारीक दगड, मग त्याहून बारीक. त्यांचा मुकादम काम तपासायला जमिनीवर चक्क आडवा होतो, गाल लादीला टेकवतो आणि छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. रेघ सरळ गेली तर पास. कुठे जराशी तुटली की तिथे पिवळी पट्टी चिकटवायची आणि पुन्हा घासायला घ्यायचं. असं काम बघताना मला फार बरं वाटतं, हे आधीच सांगून टाकते.

स्वयंपाकघरं दोन. पुढचं पाहुण्यांना दाखवायचं, त्यात कॉफीचं मशीन आणि फळांची परडी. फोडणी मागच्या स्वयंपाकघरात. आई, तुझी पुरणपोळी तिथे मागेच झाली असती. देवघर आपल्या माजघराएवढं आहे आणि त्यात एसी आहे. मागच्या स्वयंपाकघराला लागून कामाच्या बाईंची खोली. प्लॅनमध्ये तिला नाव वेगळं, पण राहणार त्याच. आठ बाय पाच, खिडकी नाही, दार थेट सर्व्हिस लिफ्टसमोर उघडतं. निदान हवा तरी खेळेल असं काही करा म्हणून मी आर्किटेक्टशी बरंच भांडले. एक एक्झॉस्ट बसवून घेतला. तेवढंच जमलं.

किंमत विचारू नकोस. बाबांचं बीपी वाढेल.

आता बाबा, तुमच्याशी. तुम्ही फोनवर म्हणालात, "आमच्या गिरणीच्या जागेवर उभं राहून तू लाद्या मोजतेस, तुला काहीच वाटत नाही?" एक तर ती तुमची गिरणी नव्हे, दोन भिंती पलीकडची. पण तुमच्या लेखी सगळं गिरणगाव एकच, हे मला माहीत आहे. वाटतं की नाही याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही. तुम्ही मोठ्याने बोलायला लागलात आणि आईने फोन काढून घेतला.

मला आधी एक सांगा, माणसांना या घरांबद्दल नेमकं काय वाटतं? तुम्ही म्हणता, चीड. पेपरवाले म्हणतात, हेवा. मला तर रोज तिसरंच काही दिसतं.

आठवतं ना, गावातल्या महिला मंडळाची सहल मुंबईला आली होती आणि मी रजा टाकून सगळ्यांना फिरवलं होतं? म्युझियमला कुणीच तयार नव्हतं. आधी बांद्र्याला शाहरुखच्या 'मन्नत'च्या गेटपुढे फोटो, मग पेडर रोडच्या बाजूने अल्टामाउंट रोडवर अंबानींचं 'अँटिलिया'. मी आपली माहिती देत होते : सत्तावीस मजले, पण मजल्यांची उंची अशी की इमारत १७३ मीटरच्या आसपास जाते, वर हेलिपॅड, गाड्यांसाठीच कितीतरी मजले. कुणी जळलं नाही, कुणी शिव्याही घातल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, "एवढ्या काचा पुसतं कोण गं?" त्यावर बसमध्ये बराच वेळ चर्चा. पडदे कसे काढत असतील, पाण्याची टाकी कुठे, लाइट गेली तर म्हाताऱ्या माणसाने चढायचं कसं. एकीला तर त्या घरच्या सुनेची दया आली. साइटवरही हेच. सुतार आणि पॉलिशवाले मालकाबद्दल चुकूनही बोलत नाहीत, त्यांचं बोलणं रनिंग फुटाचा रेट आणि थकलेलं बिल यावर. इमारतीला मात्र 'आपला टॉवर' म्हणतात.

हेवा असतो, पण त्याचा पत्ता वेगळा. आपल्या वाडीत चुलत्यांनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा आईने आठवडाभर त्यांच्या पोपटी रंगावर टीका केली होती. आई, नाही म्हणू नकोस. "पैसा आला कुठून" हा प्रश्न तू अंबानींबद्दल आजवर विचारलेला नाहीस, चुलत्यांबद्दल अजून विचारतेस.

आणि बाबा, राग मानू नका, पण तुमचंही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट, तेही टॉवरमध्ये. त्यात तुमच्या साचेखात्यातले चिपळूणचे काका होते. तुम्ही हौसेने पूजेला आलात, प्रसाद घेतलात, गॅलरीतून समुद्र बघितलात. आणि माझ्याकडे आल्यावर जेवला नाहीत. आईला म्हणालात, पोट बरं नाही. इतकी वर्षं लोअर परळचे टॉवर बघून तुमचं जेवण कधी चुकलं नव्हतं, मित्राच्या ५०० फुटांनी चुकलं. त्यात काही वाईट नाही. काका आणि तुम्ही एकाच पाळीला जायचात, एकाच भोंग्यावर उठायचात, संपातही एकत्र होतात. फरक एवढाच की त्यांच्या वडिलांच्या नावावर खोली होती आणि तुम्ही गाळ्यात वीस-पंचवीस जणांबरोबर पेटी ठेवून राहायचात. भाड्याची पावतीसुद्धा तुमच्या नावाची नव्हती. तुमच्यासारखे किती असतील ज्यांनी गिरणगावात उमेद घालवली आणि ज्यांचा तिथल्या चार भिंतींवरही हक्क लागला नाही.

मग तुमची चीड खोटी का? मुळीच नाही. मला वाटतं ती घरावर नाहीच, ती जागेवर आहे. अँटिलियाचंच बघा. मजले किती, बिल किती यावर लोक हसून सोडून देतात. पण तिथे पूर्वी खोजा समाजाच्या अनाथालयाची जमीन होती, ट्रस्टने ती २००२ मध्ये सुमारे २१ कोटींना विकली आणि त्यावरून वक्फ बोर्डाचा वाद कोर्टात गेला, हे कळलं की माणूस गप्प होतो. तुम्हीच मला ते पहिल्यांदा सांगितलंत, पेपरचं कात्रण हातात धरून. २०११ मध्ये रतन टाटांनी लंडनच्या एका पेपरला मुलाखत दिली. अशा घरात राहणाऱ्याने आजूबाजूला काय दिसतं त्याची काळजी करायला हवी, अशा अर्थाचं ते बोलले. मागाहून त्यांच्या समूहाने खुलासा केला की विधान संदर्भ सोडून छापलं. पण तुम्ही खुलासा कापून ठेवला नाहीत, विधान ठेवलंत! मलबार हिलवर होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला २०१४ च्या लिलावात ३७२ कोटींना गेला, तेव्हा अणुशक्ती केंद्राचे कर्मचारी तो वाचवायला कोर्टात गेले. बंगला पुढे पाडलाच. तोही श्रीमंताचाच बंगला होता, मलबार हिलवरचा, पण लोकांना तो आपला वाटला.

आणि बडोदा? लक्ष्मीविलास राजवाड्यात तुम्ही दोघं किती रमला होतात. १८९० चं बांधकाम, दरबार हॉल, तो अवाढव्य बगीचा. बाबा, तुम्ही तिकीट काढून आत गेलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "राजा असावा तर असा." मी तेव्हा मुद्दाम विचारलं होतं, एका माणसाला एवढं घर कशाला? तुमचं उत्तर तयार होतं : सयाजीराव म्हणजे कवळाण्याच्या शेतकऱ्याचा पोर, दत्तक गेला, गादीवर बसला, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, बाबासाहेबांना १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. म्हणजे राजवाड्याचा हिशेब तुम्ही शाळांमध्ये चुकता केलात. मला हे सगळं पटलेलं नाही. राजाचा पैसा रयतेच्या साऱ्यातूनच येत होता. पण तुमच्या मनात वही कशी लिहिली जाते ते तिथे कळलं. घर कितीही मोठं असो, समोरच्या पानावर काही जमा असेल तर तुम्ही माफ करता.

गिरण्यांच्या वहीत तेच समोरचं पान कोरं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. १९९१ चा नियम होता की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम असा फिरवला की शेडखालची जमीन वगळून फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेची वाटणी. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी शेडच. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. हे सगळं तुम्ही मला मी कॉलेजात असताना वहीवर चौकोन काढून समजावलं होतं. तेव्हा मला कंटाळा आला होता. आता रोज त्याच चौकोनांत उभी असते.

आणि मला काय वाटतं म्हणाल, तर एका दिवशी फार वाटलं. मोठ्या बेडरूमच्या बाथरूमच्या लाद्यांचं माप घेत होते. वेस्टेज धरायच्या आधी नुसतं जमिनीचं क्षेत्र आलं २३१ चौरस फूट. टेप गुंडाळता गुंडाळता लक्षात आलं, म्हाडाने २०१२ च्या सोडतीत गिरणी कामगाराला दिलेलं घर २२५ फुटांचं होतं. अख्खं घर. आणि त्यासाठीही दीड लाखांच्या आसपास अर्ज, आणि आपला नंबर नाही. तुमचा फॉर्म मीच भरला होता, तुमच्या ईएसआय कार्डाची झेरॉक्स लावून. त्या मापाच्या कागदावर मी २३१ लिहिलं, गोल केलं आणि पुढच्या खोलीत गेले. लाद्या तर मागवायच्याच होत्या. मालकाला शिव्या द्याव्यात असं मनात आलं नाही, तो बिचारा २२५ चा आकडा जाणतही नसेल. चिडले ते जाणणाऱ्यांवर. ज्यांनी टेबलावर बसून कामगाराला २२५ पुरतात असं ठरवलं, आणि आता तेवढीही मुंबईत नाहीत म्हणून शेलू-वांगणीला जा म्हणतात.

लाज मात्र वाटत नाही, बाबा. गिरणीत विणलेलं उंची कापड तुम्ही कधी अंगावर घातलंत? तरी धागा तुटला की साचा थांबवून गाठ नीट मारायचात, हे तुम्हीच अभिमानाने सांगता. माझंही तसंच आहे. दगड चांगला लागला पाहिजे. या पगारातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मी मोजून दाखवत नाही, पण विसरूही नका.

वांगणीला देऊ केलेल्या घराचं काय करायचं ते ठरवा. तुम्ही म्हणता, माझा घाम परळला गळला, वांगणीला माझं कोण आहे. हे मला शंभर टक्के पटतं, आणि युनियनवालेही आझाद मैदानात तेच सांगून आले. पण आईला विचारल्याशिवाय नकार कळवू नका. तिला मुंबईच्या जवळ, लोकलच्या वाटेवर, स्वतःच्या नावाचं दार हवं आहे. ती तुमच्यासमोर बोलत नाही, माझ्याशी बोलते. आई, हे वाक्य गाळून वाचू नकोस.

हो-नाही काहीही असो, ट्रंकेतले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. गिरणीचं ओळखपत्र, पीएफची स्लिप, ती हजेरीची चिठ्ठी, सगळं. मागच्या पावसात कोपरे उंदरांनी कुरतडले होते. गणपतीला येईन तेव्हा लॅमिनेट करून घेऊ. दादाला सांगा, बीपीची गोळी रोजची आहे, बरं वाटलं की बंद करायची नाही.

तुमची,
मनीषा

ता. क. आई, काचा पुसणारे वरून दोरखंडाने खाली उतरतात. काकूंना सांग. बहुतेक बंगालकडची पोरं आहेत, कमरेला पट्टा आणि बाजूला बादली लटकवलेली. दिवसाला किती मिळतात ते विचारून सांगते.