दात तासण्याआधी दात मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दातांच्या सौंदर्योपचारांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. एकात बुटके दात आणि वर भरपूर हिरडी, शेजारी तोच चेहरा आणि लांब, पांढरेशुभ्र दात. या दोन छायाचित्रांच्या मधे काय काय घडते, हे गेल्या वर्षभरात मी घरात दोनदा पाहिले, एकदा मुलीच्या तोंडात आणि एकदा माझ्या. म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षे शाळेत शिवणकाम शिकवले. माप घेतल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही, हे मुलींना पहिल्याच तासाला सांगायचे.

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. हसू आले की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. वरचे पुढचे सहाही दात आखूड, जवळजवळ चौकोनी. पहिल्या दवाखान्यात दहा मिनिटांत निकाल लागला : सहाही दात तासून कॅप बसवू. एक्स-रे नाही, मोजमाप नाही. दातांना कीड नव्हती, साधा टवकाही उडालेला नव्हता. धडधाकट दात तासायचा म्हणजे एनॅमल, दाताचे वरचे कठीण कवच, कायमचे जाते, ते पुन्हा उगवत नाही. मी मुलीला घेऊन सरळ घरी आले.

नंतर आम्ही हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. फिट्सवरची फेनिटॉइन, रक्तदाबाची अम्लोडिपिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन अशा औषधांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात, हे मला तेव्हा कळले. (अशी गोळी कोणी मनाने बंद करू नये, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशीच बोलावे.) मुलीला कुठलेच औषध नव्हते. मग त्यांनी खुणा कोरलेली एक बारीक सळई घेतली आणि मापे सांगू लागल्या, मदतनीस लिहून घेऊ लागली. मधला दात, रुंदी साडेआठ मिलिमीटर, दिसणारी लांबी साडेसात. म्हणजे दात उंचीपेक्षा रुंदच! वरचा मधला दात साधारण १० ते ११ मिलिमीटर लांब असतो आणि रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्याला प्रमाणात वाटतो. त्यानंतर भूल देऊन त्यांनी सळई हिरडीच्या आत सरकवली. एनॅमल हिरडीखाली आणखी ३ मिलिमीटर वर जाऊन संपत होते. “हिचे दात लहान नाहीतच, झाकलेले आहेत,” त्या म्हणाल्या. बाही लांब झाली म्हणून हात आखूड ठरत नाही, तसेच हे.

मग लेझरने हिरडी तेवढी कापून टाकू या, असे मला वाटले. नाही चालत. मुलीचे हाड एनॅमलच्या कडेला जवळजवळ टेकले होते, आणि हाडापासून पुढे हिरडीला दाताला चिकटून बसायला ठरावीक पट्टी लागते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तिची सरासरी २.०४ मिलिमीटर आली होती. हिरडीच्या कडेची मोकळी खोबण धरली की साधारण ३ मिलिमीटर होतात. शिवणीलगत जादा कापड सोडतो ना, तशी ही शरीराने सोडलेली माया आहे. कापडात माया कमी पडली की शिवण उसवते. तोंडात मात्र शरीर ती परत मिळवू बघते. हिरडी पुन्हा खाली सरकते, नाहीतर सुजून लाल राहते आणि आतले हाड झिजते. म्हणून हिरडीबरोबर हाडाची कडही थोडी मागे घ्यावी लागली. क्राऊन लेंग्दनिंग म्हणतात ते हेच.

माया खाल्ली तर काय होते, ते मी स्वतः सोसले आहे. चार वर्षांपूर्वी रूट कॅनॉलनंतर माझ्या खालच्या उपदाढेवर कॅप बसली. दात हिरडीलगत तुटला होता, म्हणून कॅपची कड हिरडीच्या आत खूप खोल नेलेली. तेव्हापासून तिथली हिरडी जांभळट लाल, ब्रश लागला की रक्त. ‘नीट घासत जा’ हे मी दोन वर्षे ऐकले. दिवसातून तीनदा घासत होते मी! रात्री आरशासमोर उभी राहून त्या एका दातापाशी किती वेळ घालवला, ते माझे मला ठाऊक. शेवटी याच डॉक्टरबाईंनी एक्स-रेवर मोजपट्टी धरली. कॅपची कड आणि हाड यांत जेमतेम १ मिलिमीटर. दोष माझ्या ब्रशचा नव्हता.

त्यांनी माझ्यापुढे तीन वाटा ठेवल्या. क्राऊन लेंग्दनिंग करायचे, पण त्यात उतार जुळवायला शेजारच्या निरोगी दातांचेही हाड थोडे जाते. किंवा ब्रेसेसच्या तारेने दात हळूहळू बाहेर ओढायचा. महिने लागतात, पण शेजाऱ्यांचे हाड वाचते. किंवा दात काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात. कॅपने पकड घ्यायला हिरडीच्या वर चौफेर दीड-दोन मिलिमीटर घट्ट दात लागतो. तो मिळत असेल आणि उरलेले मूळ पुरेसे लांब असेल, तरच पहिल्या वाटेला अर्थ. माझे दोन्ही जमत होते. जुनी कॅप काढून तात्पुरती बसवली, शस्त्रक्रिया झाली आणि कायमची कॅप आठ आठवडे थांबून बसली. रक्त यायचे थांबले आहे.

मुलीची शस्त्रक्रिया भूल देऊन झाली. दुखले नाही, पण हाड कोरण्याचा आवाज कवटीत घुमतो, असे ती म्हणाली. टाके दहा दिवस होते. तेवढे दिवस तिथे ब्रश बंद, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा. त्यांनी दातांवर तपकिरी डाग पडले (ते नंतर साफ करून निघाले) आणि चव गेल्यासारखी झाली. गार पाण्याची कळ महिनाभर होती. हे सगळे आधी सांगितलेले होते, म्हणून ती घाबरली नाही. टाके निघाले त्या दिवशी दात साडेदहा मिलिमीटर दिसत होता, पाचव्या महिन्यात दहा. कॅप एकही नाही. सहाही दात तिचेच, न तासलेले.

माझे वरचे पुढचे दातही आखूडच आहेत, पण मी झोपेत दात खाते, त्याने ते झिजले आहेत. झिजणारा दात हिरडी-हाडासकट सावकाश खाली उतरत राहतो. अशा दाताची हिरडी कापली तर निमुळते मूळ उघडे पडून फटींत काळे त्रिकोण दिसू शकतात. म्हणून मला काँपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, लांबी वाढवून दिली आणि रात्री घालायला गार्ड दिले. पहिल्या दवाखान्यात मी माझे दात दाखवले असते, तर मलाही सहा कॅपच सांगितल्या असत्या, अशी माझी खात्री आहे.

दंतवैद्यांना विनंती, की दाताची लांबी, रुंदी आणि हाडापासूनचे अंतर कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. आम्हाला आकडे समजतात.

आणि आपल्याला विनंती, की ‘नंतर’च्या छायाचित्राखाली ते उपचारानंतर किती महिन्यांनी काढले, हे छापावे. पुढच्या दातांची हिरडी स्थिरावायला तीन ते सहा महिने लागतात; टाके निघाल्या दिवशीचे छायाचित्र दात जरा जास्तच लांब दाखवू शकते.

आपली,
एक निवृत्त शिवण-शिक्षिका