मुलींच्या हाती फाइल (कानस) आठवीतच द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की जागा किती, अर्ज किती, मुली किती हे आकडे वर्तमानपत्रांत येतात. त्या मुली कोणत्या ट्रेडला, म्हणजे कोणत्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमाला गेल्या, हे मात्र सहसा छापून येत नाही.

मी 28 वर्षे तालुक्याच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा, म्हणजे यंत्रांचे भाग घासून जुळवण्याच्या ट्रेडचा शिल्पनिदेशक (शिकवणारा) होतो. 1990 साली रुजू झालो तेव्हा आमच्याकडे मुली म्हणजे शिवण-कर्तनाचा एकच वर्ग होता. पुढे कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड आला, ब्युटीशियनचा कोर्स आला, मुली वाढल्या. त्याचा मला आनंदच आहे. शिवण किंवा कॉम्प्युटर शिकून घर चालवणाऱ्या कितीतरी विद्यार्थिनी मला आजही भेटतात. पण माझ्या फिटरच्या वर्गात एवढ्या वर्षांत मिळून मुली आल्या नऊ. वायरमनला त्याहून कमी. त्या ट्रेडच्या नावातच ‘मन’, म्हणजे इंग्रजीतला पुरुष आहे, आणि मुलींना ते बरोबर ऐकू येते.

त्या नवांपैकी एकीची फायलिंग (कानशीने धातू घासणे) अशी, की जॉबवर, म्हणजे घासलेल्या तुकड्यावर, ट्राय-स्क्वेअर (गुण्या) लावला तर खालून उजेडाची रेघ दिसायची नाही. ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. शिकाऊ उमेदवारीसाठी मी तिला घेऊन तीन कारखान्यांत गेलो. एकाकडे मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते, दुसऱ्याने दुसऱ्या शिफ्टचे कारण दिले, तिसऱ्याने उद्या या म्हणून सांगितले. शेवटी ती एका दुकानात हिशेब लिहू लागली. त्या वेळी मी आणखी चार दारे ठोठवायला हवी होती, ही खंत अजून जात नाही.

शिफ्टचे कारण तेव्हा खोटे नव्हते. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 66 संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बायकांना कारखान्यात काम देऊ देत नव्हते. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती केली आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीही खुली झाली. आज पुण्याजवळच्या वाहन कारखान्यांत मुली जोडणीच्या लाइनवर उभ्या आहेत. म्हणजे दार उघडले. तरीही आमच्याकडे मुलींसाठी राखीव 30 टक्के जागा फिटर आणि टर्नरला (लेथवर काम करण्याच्या ट्रेडला) भरत नव्हत्या आणि शेवटच्या फेऱ्यांत त्या मुलांकडे जात. ‘मुली येतच नाहीत’ असे बैठकीत आम्ही सगळेच म्हणायचो. मीही म्हणायचो.

आता वाटते, ते बोलणे चुकीचे होते. जिने दहावीपर्यंत पक्कड हातात धरली नाही, ती पसंतीक्रमात ‘टर्नर’ कशी लिहील? आणि लिहिले, तरी घरचे ते खोडायला लावतात. कारण त्यांनीही मुलीला कधी हत्यार हाती घेतलेले पाहिलेले नसते.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले-मुली सगळीच कामे करतात. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाक करतो, दोघे शेतात राबतात. तिथे कुणी वेगळी रांग लावत नाही. मला हाच खरा उपाय वाटतो, राखीव जागांपेक्षाही मोठा.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच व्यवसाय शिक्षणातली ‘हे मुलींचे, ते मुलांचे’ अशी विभागणी मोडायला सांगितले होते. मी नोकरीला लागण्याच्याही आधीची ही गोष्ट. आता 2020 च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना आहेत; त्यांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जायचे आहे. ते दिवस मुलींना मेंदी-रांगोळीत घालवायला लावू नका, एवढी मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती. शिवाय आयटीआयची प्रात्यक्षिके संपायला संध्याकाळ होते. मुलीला घरी नेणारी शेवटची एसटी त्याआधीच सुटत असेल, तर सगळे बोलणे वाया. वसतिगृह नसेल तिथे बसच्या वेळेचा आग्रह पालकांनीच आगाराकडे धरावा.

आपल्याकडे मागणी एकच: यंदा प्रवेशाची बातमी देताना ट्रेडनिहाय मुलींची संख्या छापा. आणि परिसरातल्या कुठल्याही शाळेने बोलावले, तर फायली आणि जॉब घट्ट धरणारा व्हाइस घेऊन मी स्वतः यायला तयार आहे.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, जि. सातारा