सही केलीय, घाबरू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर आई मध्येच रडली असती, म्हणून लिहिते. दम्याच्या एका नव्या इंजेक्शनची चाचणी इथं पुण्यात चालू आहे. त्यात मी नाव दिलंय. सही झाली, रक्त तपासून झालं, सोमवारी पहिलं इंजेक्शन. आई, लगेच अंबाबाईला नवस बोलू नकोस, आधी पुढं वाच.

"पोरीवर प्रयोग करतायत" असं आत्या म्हणेलच. पण माझा रोजचा पंप चालूच राहणार, हे इंजेक्शन त्याच्या जोडीला. माझ्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त आहेत, त्यांच्यामुळं श्वासनळ्या सुजतात. त्या कमी करणारं हे औषध. काहींना खरं देतात, काहींना औषध नसलेलं, आणि मला कुठलं ते तिथल्या डॉक्टरांनाही माहीत नसतं. गुण औषधाचा की मनाच्या समाधानाचा, हे त्याशिवाय ठरत नाही. नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट करायचे, असा सरकारी नियम आहे. संमतीचा कागद मराठीतला मागून घेतला, घरी आणून वाचला, मगच सही केली. इंजेक्शननंतर काही वेळ बसवून ठेवतात, चहा-नाश्ता देतात, रिक्षाचं भाडंसुद्धा देतात. त्या दिवशी मी रजा घेणार आहे. माझा इथला जेवणाचा डबाही चांगला आहे, रोज भाकरी असते.

बाबा, मृगाला तुम्ही मला हैदराबादला माशाचं औषध द्यायला नेलं होतंत. रात्रभर त्या गर्दीत मला खांद्यावर घेऊन उभे होता. मासा गिळताना मी तुमची कॉलर सोडलीच नाही. त्याचा गुण येतो की नाही हे कुणी मोजलेलं नव्हतं, पण माझी घरघर तुम्हाला ऐकवत नव्हती. तुमचं त्यात काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. आता मोजणारी माणसं आहेत, तर मोजून घ्यायला आमच्यासारखे दमेकरी नकोत का?

आणि अशा चाचण्यांचा फायदा तुम्हालाच होणार आहे, बाबा. २०१८ साली दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या. सौम्य दम्याची, तुमच्यासारखीच, आठ हजारांवर माणसं त्यात वर्षभर होती. एका चाचणीत नुसता निळा, तेवढ्यापुरता आराम देणारा पंप ओढणाऱ्यांपेक्षा, सूज उतरवणारं औषधही असलेला पंप लागेल तेव्हा ओढणाऱ्यांना मोठे अटॅक ६४ टक्क्यांनी कमी आले. पुढच्याच वर्षी, दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं आलं. ती माणसं घाबरून घरी बसली असती तर हे कळलं असतं का?

तुम्ही मात्र अजून निळ्या पंपावरच. त्यानं नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते. तुम्हाला बोल लावत नाही, तो पंप लिहून दिला तेव्हा सगळेच तसं करायचे. पण आता या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जायचं आणि पंप बदलायचा का हे विचारायचं. आई, तू सोबत जा, नाहीतर ते राजारामपुरीतूनच चहा पिऊन परत येतील. नवा पंप दिला तर ओढल्यावर चूळ भरायची, विसरायचं नाही. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, लावूनच ओढायचा, लाज वाटायचं काही कारण नाही. मामांच्या गुऱ्हाळावर काकवी आणायला जाऊ नका, चुलवाणाचा धूर तुम्हाला सोसत नाही. भाऊला सांगा, तो आणून देईल. शेजारी पाचट पेटवलं की खिडक्या लावून घ्या.

सोमवारी इंजेक्शन झालं की लगेच फोन करते. डॉक्टर काय म्हणाले ते तेव्हा मला सांगायचं, चिठ्ठी हातात धरून.

तुमची
सोनी